जुन्या ओम्नीचे वायपर: मोटार बदलण्याआधी काचेपासून आत तपासत जा

रोहिणी नक्षत्रातला एखादा वळीव पडला की गॅरेजच्या दारात व्हॅनवाल्यांची रांग लागते. वर्षभर विसरलेले वायपर तेव्हा आठवतात आणि निदानही ठरलेले असते: मोटार गेली. खरे तर दहापैकी बहुतेक गाड्यांत मोटार शाबूत असते. स्पिंडल (वायपरची दांडी ज्यावर बसते तो फिरता खिळ) सुकलेला असतो, लिंकेजचा (मोटारीपासून स्पिंडलपर्यंत हालचाल नेणाऱ्या दांड्यांचा) प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे सांध्यातली कडी, झिजलेला असतो किंवा अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज चढलेला असतो. अशा गाडीला नवी मोटार बसवली, तर तीही तेच जड लिंकेज ओढत राहते, तापते आणि तिचेही कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) लवकर झिजतात. म्हणून इथे दिलेला क्रम बाहेरून आत जाणारा आहे. आधी काच, मग रबर, दांडी, स्पिंडल, लिंकेज, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी मोटार.

उदाहरणाला मारुती ओम्नी घेतली आहे. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी १९८८ मध्ये ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. शाळेच्या मुलांची ने-आण, केटरिंग, भाजीची वाहतूक, तालुक्याच्या गावातली रुग्णवाहिका अशी सगळी कामे तिने केली आणि अजूनही करते. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने तिला नेहमीसारखे बॉनेट नाही. त्यामुळे वायपरची यंत्रणा डॅशबोर्डच्या पलीकडे अरुंद जागेत बसते आणि हात घालायला त्रास होतो. याच त्रासामुळे वर्षानुवर्षे तिथे कोणी ग्रीस लावत नाही. इको, ट्रॅक्स, टेम्पो ट्रॅव्हलर यांची जागा आणि नटबोल्ट वेगळे असले, तरी तपासायचा क्रम हाच.

यंत्रणा थोडक्यात समजून घ्या

मोटारीच्या शाफ्टवर वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर असतो. तो गिअरचे चाक फिरवतो, त्या चाकाच्या टोकाला क्रँक बसतो. क्रँक गोल फिरतो, लिंकच्या दांड्या पुढेमागे होतात आणि काचेखालचे दोन स्पिंडल अर्धगोल हलतात. काचेवर दिसणाऱ्या दांड्या या स्पिंडलांवर दात्यांमध्ये बसून नटाने आवळलेल्या असतात.

दोन वेग असलेल्या मोटारीत बहुधा तीन कार्बन असतात. एक सामाईक, दुसरा त्याच्या बरोबर समोर आणि तिसरा थोडा बाजूला. समोरच्या कार्बनवरून वीज गेली की मोटार सावकाश फिरते, बाजूच्यावरून गेली की जोरात. त्यामुळे वायपर फक्त एकाच वेगावर चालत असेल, तर आर्मेचर (मोटारीतली फिरणारी तारेची गुंडाळी) जळलेले नाही हे लगेच कळते. दोष त्या वेगाच्या कार्बनमध्ये, वायरीत किंवा स्विचमध्ये शोधायचा.

गिअरच्या डब्यात आणखी एक छोटा स्विच असतो, पार्किंगचा. तुम्ही वायपर बंद केला तरी पाती खाली येईपर्यंत हा स्विच मोटारीला वीज देत राहतो. जागेवर आली की वीज तोडतो आणि मोटारीची दोन टोके एकमेकांना जोडतो, त्यामुळे ती जागच्या जागी थबकते. बंद करताच पाती काचेच्या मध्यावर अडकत असतील, तर या स्विचचे कॉन्टॅक्ट किंवा त्याला येणारा कायमचा करंट तपासा. आणि बंद करूनही वायपर चालतच राहत असेल, तर हेच कॉन्टॅक्ट चिकटले आहेत किंवा स्टिअरिंगजवळचा स्विच आतून जोडलेला राहिला आहे.

हाताशी काय हवे

१०, १२ आणि १३ चे सॉकेट, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, दोन छोटे स्क्रू पाने, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, रॉकेल, गंज सोडवणारा स्प्रे, लिथियम ग्रीस, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर, रंगकामाची चिकटपट्टी आणि एक जाड टॉवेल. टॉवेल विसरू नका. ब्लेड काढलेली दांडी स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटली तर काच तडकते आणि सगळ्या वायपर दुरुस्तीपेक्षा ती काच महाग पडते.

काच आणि रबर

कोरड्या काचेवर वायपर चालवून काहीही तपासू नका. बादलीभर पाणी ओतून घ्या.

पाणी पडल्यावर काचेवर थेंबांचे गोळे राहत असतील किंवा पाते गेल्यावर धुरकट पट्टा उमटत असेल, तर काचेवर तेलकट थर आहे. घाटात ट्रकमागे चालताना उडणारा डिझेलचा धूर, चाकांखालचे काळे पाणी, धुलाई केंद्रातले पॉलिश हे सगळे त्यात असते. शाम्पूच्या पाण्याने काच धुवा, मग स्पिरिट लावलेल्या सुती कापडाने पुसा. काच आतूनही पुसा. पावसात भरलेल्या व्हॅनमध्ये श्वासाने काचेला वाफ धरते आणि वायपर साफ करत नाही म्हणून लोक बाहेरचे रबर बदलत बसतात.

मग रबराची धार बोटाच्या पेराने तपासा. धार कडक, चिरलेली किंवा एका बाजूला कायमची वाकलेली असेल तर रबर बदलायचे. ब्लेडचा सांगाडा सरळ आणि सैल नसलेला असेल तर फक्त रबर घेतले तरी चालते. दुकानात मॉडेलचे नाव सांगून थांबू नका, जुने रबर टेपने मोजून न्या. नवे सरकवताना जुन्यातल्या दोन स्टीलच्या पट्ट्या कशा बसल्या होत्या ते बघून तशाच घाला. त्यांच्या खाचा रबराच्या खाचांत बसल्या नाहीत, तर चालत्या गाडीत रबर बाहेर सरकते आणि उघडा पत्रा काचेवर ओरखडा काढतो.

नव्या रबरानेही पाते थरथरत असेल, तर कुठल्या दिशेला थरथरते ते पाहा. एकाच दिशेला थरथरत असेल तर दांडी पिळलेली आहे. पाती काचेच्या मध्यावर असताना चावी बंद करा. ब्लेड काढा आणि दांडीचे टोक काचेला समांतर आहे का ते बाजूने बघा. रबराची धार काचेवर काटकोनात टेकायला हवी, म्हणजे ती जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला झुकते. टोक कललेले असेल तर एका स्क्रू पान्याने दांडी धरा आणि दुसऱ्याने अगदी थोडी पिळा. ब्लेड लावून पाहा, पुन्हा थोडी पिळा. एका दमात सरळ करू नका.

पाते काचेवर नीट दाबत नसेल आणि वेग वाढला की उचलले जात असेल, तर दांडीच्या बिजागरीत तेल सोडा आणि स्प्रिंग बघा. गंजून ताणलेली स्प्रिंग असेल तर दांडीच बदला.

दांडी काढणे

चावी फिरवून वायपर एकदा चालवा आणि बंद करा, म्हणजे पाती खाली येतील. पात्याच्या बरोबर कडेला काचेवर चिकटपट्टी लावा. ही खूण नसली तर परत बसवताना अंदाजाचा खेळ होतो. आता बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडा. लिंकेजमध्ये बोटे असताना कोणी चुकून स्विच दाबला, तर क्रँकमध्ये बोट मोडण्याइतका जोर असतो.

टोपण उचला, नट काढा. दांडी दात्यांवर घट्ट बसलेली असेल तर स्प्रे मारून थोडा वेळ थांबा आणि उजवी-डावी हलवत वर ओढा. स्क्रू ड्रायव्हर काचेवर टेकवून तिला उचकटू नका. छोटा पुलर मिळाला तर उत्तम.

दांडीच्या भोकातले दाते बघा. दांडीचा धातू नरम असतो, स्पिंडलचा कडक. नट सैल राहिला की दांडीचे दाते घासून गुळगुळीत होतात. मोटारीचा आवाज येतो, स्पिंडल हलतो, पण दांडी ओल्या काचेवर जागीच बसते. दाते थोडे उरले असतील तर तारेच्या ब्रशने दोन्हीकडची पांढरी भुकटी साफ करून दांडी नीट आवळा. गुळगुळीत झाले असतील तर दुसरी दांडी आणा. मध्ये पत्र्याची पट्टी घालून घट्ट केलेली दांडी ऐन पावसात सुटते.

स्पिंडल: खरे काम इथे आहे

दांड्या काढल्यावर मोटारीच्या क्रँकपासून लिंक सोडवा. बॉल आणि प्लॅस्टिकची वाटी असा सांधा असेल तर चपटा स्क्रू ड्रायव्हर मध्ये घालून पिळला की तो टक् करून सुटतो. आता प्रत्येक स्पिंडल दोन बोटांनी फिरवून बघा. निरोगी स्पिंडल बोटांनी सहज फिरतो. पक्कड लावावी लागत असेल, तर वायपर हळू चालण्याचे, फ्यूज उडण्याचे आणि मोटार तापण्याचे कारण तुमच्या हातात आले आहे.

असे का होते? स्पिंडल काचेखालून बाहेर येतो, त्यामुळे पाणी थेट त्याच्या डोक्यावर पडते. वरची रबरी रिंग कडक झाली की पाणी बुशमध्ये उतरते. उन्हाळ्यात तिथे धूळ बसते, ग्रीस वाळून मेणासारखे होते आणि स्टीलवर गंज धरतो. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे फार लवकर घडते. पावसात डॅशबोर्डखालून पायावर पाणी ठिबकत असेल, तर तीही याच रिंगची तक्रार असू शकते.

वरून नुसता स्प्रे मारून काम उरकू नका. स्प्रेने स्पिंडल तेवढ्यापुरता सुटतो, पण उरलेले ग्रीसही धुऊन जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तो आधीपेक्षा घट्ट धरतो. नीट करायचे असेल तर लिंकेज बाहेर काढा. स्पिंडलभोवतीचा मोठा नट आणि आतले बोल्ट सोडले की ते निघते. जागा सापडत नसेल तर बाहेरच्या स्पिंडलपासून सुरुवात करून आत हाताने चाचपत या. डॅशबोर्डची खालची पट्टी किंवा हवेची नळी आड येत असेल तर ती आधी काढा, वायरी ताणू नका. काढण्यापूर्वी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो घ्या.

बाहेर आल्यावर स्पिंडलच्या वरची लॉक रिंग आणि वायसर काढून त्यांचा क्रम एका कागदावर मांडून ठेवा. स्पिंडल खालून ओढून घ्या. अडला तर त्याचे घर (स्पिंडल ज्यात फिरतो तो नळीसारखा भाग) रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा आणि दुसऱ्या दिवशी लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोका. थेट हातोडी मारली तर वरचे आटे पसरतात आणि नट पुन्हा चढत नाही. बाहेर आलेला स्पिंडल बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पण घासून बारीक करू नका. बुशमध्ये कापडाची वात फिरवून काळा चिखल काढा. दोन्ही भाग कोरडे झाले की भरपूर लिथियम ग्रीस लावा, नवी रबरी रिंग घाला, लॉक रिंग बसवा. बोटाने फिरवा. आता जो हलकेपणा जाणवेल तो दोन्ही स्पिंडलांत सारखा हवा.

काही लिंकेजांत स्पिंडल रिव्हेट केलेला असतो आणि निघत नाही. तिथे घर उलटे धरून आधी पातळ तेल मुरवा, फिरवत राहा, वितळलेली घाण पुसत जा आणि शेवटी घट्ट तेल सोडा. तरीही अडखळत असेल तर लिंकेजचा सेटच घ्या. ओम्नीचे सुटे भाग अजून बाजारात मिळतात.

बुश

लिंकच्या टोकांना प्लॅस्टिकचे बुश असतात. हाताने लिंक वर-खाली हलवा. खडखड वाजली तर बुश गेला. तो झिजला की पाते ठरल्यापेक्षा जास्त फिरते आणि काचेच्या चौकटीवर आपटते, किंवा मधल्या वळणावर दोन पाती एकमेकांत अडकतात. पूर्ण फुटला तर मोटार फिरते आणि एक पाते किंवा दोन्ही पाती मेल्यासारखी पडून राहतात.

बुश स्वस्त आहेत, सगळे एकदमच बदला. जुना बॉल खडबडीत झाला असेल तर आधी पेपरने गुळगुळीत करा, ग्रीस लावा आणि वाटी मोठ्या पकडीने सरळ दाबून बसवा. तारेने बांधलेला सांधा घरी पोहोचण्यापुरता ठीक आहे, पण त्या तारेवर पावसाळा काढू नये. वेगावर असताना ती सुटली की समोरचे दिसणे क्षणात बंद होते.

वायरिंग

बॅटरी परत जोडा. लिंक अजून मोटारीला लावू नका. फ्यूज बघा. उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा घाला, मोठा घालू नका, कारण अडकलेली मोटार भरपूर करंट ओढते आणि फ्यूज उडाला नाही तर वायर जळते. लिंक सोडलेली असताना फ्यूज टिकतो आणि जोडल्यावर उडतो, म्हणजे दोष जड लिंकेजमध्ये आहे.

फ्यूज ठीक असेल तर मोटारीच्या कनेक्टरवर या. चावी चालू करून स्विच सावकाशवर ठेवा, मग जोरावर, आणि प्रत्येक वेळी टेस्ट लॅम्प लावून करंट येतो का बघा. वायपर बंद असतानाही, चावी चालू असेल तर, पार्किंगच्या वायरीत करंट हवा. जुन्या गाडीत आधीच्या मिस्त्रींनी जोडलेल्या वायरी असतात, तेव्हा रंगावर विसंबू नका. कनेक्टरच्या पिना हिरव्या झाल्या असतील तर खरवडून साफ करा. करंट कनेक्टरपर्यंत येतच नसेल तर मागे स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचकडे जा.

अर्थिंगसाठी मात्र टेस्ट लॅम्प पुरत नाही. मोटार चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक मोटारीच्या बॉडीला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. तिथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब आहे. मीटर नसेल तर एक जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट मोटारीच्या बॉडीला टेकवा. वेग लगेच वाढला तर उत्तर मिळाले. बऱ्याच मोटारी रबरी वायसरवर बसवतात, म्हणजे बॉडीचा पत्र्याशी थेट संबंध नसतो आणि सगळी भिस्त एका छोट्या वायरीवर असते. तिचा स्क्रू काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायर पुन्हा आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. जुन्या गाडीत दोन-तीन पावसाळ्यांनी हा स्क्रू पुन्हा बघावा लागतो.

मोटार उघडायची असेल तर

वरचे सगळे करूनही मोटार मंद असेल, अडखळत सुरू होत असेल किंवा टपली मारल्यावर चालत असेल, तर कार्बन संपत आले आहेत. क्रँकची आणि शाफ्टची जागा आधी खिळ्याने कोरून घ्या. मोटारीचा गोल डबा आणि गिअरचे घर यांच्यावरही आडवी रेघ ओढा. डब्यात कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. डबा अर्धा फेरा फिरवून बसला तर मोटार उलटी फिरते आणि पार्किंग बिघडते.

डबा सावकाश ओढा. शाफ्टच्या टोकाला काही मोटारींत एक बारीक स्टीलची गोळी असते, म्हणून खाली पांढरे कापड पसरा. कम्युटेटरवर (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) काळा थर असेल तर बारीक काचपेपरची पट्टी फिरवून तांब्याचा रंग येऊ द्या आणि पट्ट्यांमधल्या फटी सुईने साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण फटीत अडकून शॉर्ट करतात. कार्बन तिसऱ्या हिश्श्याइतके उरले असतील तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नवे डाग देऊन घ्या. स्प्रिंग मोकळी सरकते ना, ते बघा. गिअरच्या डब्यातले वाळलेले पिवळे ग्रीस खरवडून काढा, दाते तुटलेले नाहीत हे पाहा, पार्किंगचे तांब्याचे पाते साफ करून किंचित वर उचला आणि नवे ग्रीस दात्यांवरच लावा. कॉन्टॅक्टवर किंवा कार्बनजवळ ग्रीस गेले तर सगळे पुन्हा उघडावे लागेल.

आर्मेचरला जळका वास असेल किंवा गिअरचे दाते गेले असतील, तेव्हाच दुसरी मोटार घ्या. घेताना कनेक्टर, बोल्टच्या जागा आणि शाफ्टचे दाते जुन्या मोटारीशेजारी ठेवून जुळवा.

जोडणी आणि चाचणी

मोटार एकट्याने चालवून बंद करा, म्हणजे ती पार्किंगवर थांबेल. आता कोरलेल्या खुणेवर क्रँक बसवा, लिंक जोडा आणि दांड्या न लावता पुन्हा चालवून बंद करा. स्पिंडल थांबले की चिकटपट्टीच्या खुणेवर पाती ठेवून दांड्या आवळा. हा क्रम चुकला तर पाती बंद झाल्यावर काचेच्या मध्ये उभी राहतात आणि दोष मोटारीवर येतो.

काच ओली करून सावकाश, जोरात आणि बंद असे तीनही करून बघा. पाते वरच्या टोकाला चौकटीपासून थोडे अलीकडे वळायला हवे. फार जवळ गेले तर दांडी एक दाता मागे घ्या. दोन-तीन मिनिटे चालवून नट पुन्हा आवळा, कारण दांडी दात्यांवर बसताना थोडी खाली सरकते.

पाण्याचा फवारा याच वेळी बघून घ्या. पंपाचा आवाज येतो पण पाणी येत नाही, तर टाचणीने नोझल मोकळे करा. तरीही येत नसेल तर नळी कडक होऊन सांध्यात फुटली असेल, तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडा. टाकीत शाम्पूचे चार थेंब पुरतात, भांड्यांचा साबण घालू नका, तो वाळून काचेवर थर धरतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०१ समोर काच असलेल्या गाडीला चालू स्थितीतला वायपर बंधनकारक करतो. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओची तपासणी होते, तेव्हा वायपरही बघितला जातो. शाळेच्या मुलांची किंवा प्रवासी वाहतुकीची गाडी असेल तर हे काम मे महिन्यातच उरका, जूनमध्ये मिस्त्री सापडत नाही.

आणि आंबोली किंवा वरंधच्या घाटात वायपर बंद पडलाच, तर गाडी बाजूला घेऊन पार्किंग दिवे लावा आणि फ्यूज बघा. तो ठीक असेल तर दांडीचा नट बघा, बहुतेक वेळा रस्त्यावर एवढेच होते. जुने ड्रायव्हर काचेवर कापलेला बटाटा किंवा तंबाखू चोळतात. त्याने पाण्याचा सलग पापुद्रा होतो आणि थोडे दिसते, पण दिवसा, सावकाश, जवळच्या गावापर्यंत जाण्यापुरते. रात्री किंवा धुक्यात तसे चालवू नका, पाऊस थांबेपर्यंत उभे राहा.